बाईंच्या खुर्चीत बदलीसर

शाळेत त्यांना सगळे बदलीसर म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, पण एखादं लहान पोर तोंडावरही म्हणून जाई आणि सर नुसती मान डोलवून पुढे चालू लागत. नाव तसं चपखलच होतं. हुद्द्याने ते पर्यवेक्षक, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंच्या खालोखालचे. कामाने विचाराल तर, आज जो शिक्षक आला नाही त्याच्या वर्गावर कोणाला पाठवायचं, हे रोज सकाळी ठरवणारा माणूस. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर ते खडूने बदली तास लिहीत. त्यांनी खडू उचलला रे उचलला की ज्यांचा तास मोकळा असे ती मंडळी एकदम वह्या तपासण्यात बुडून जात. कोणाचं तोंड वाकडं झालं की सर काही न बोलता ते नाव पुसत आणि तिथे स्वतःचं लिहीत. असं करता करता निम्मे बदली तास त्यांच्याच गळ्यात पडत.

भूगोल, चित्रकला, शिवण, सगळं त्यांनी घेतलं होतं. घेतलं म्हणजे काय, वर्गावर जाऊन पोरांना गप्प बसवलं होतं. मूळचा माणूस गणिताचा आणि त्यातही भूमितीचा वेडा. फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे, तेही एका दमात. पण पर्यवेक्षक झाले आणि स्वतःचा वर्ग सुटला. वर्ग रिकामा राहता कामा नये, एवढा एकच धर्म त्यांनी पाळला. त्यांच्या कारकिर्दीत एकही वर्ग कधी मास्तरावाचून राहिला नव्हता, आणि त्याचं कौतुकही कोणी कधी केलं नव्हतं. रिकामा वर्ग सगळ्यांना दिसतो. भरलेला कोणाच्या डोळ्यांत भरणार?

मोठ्या बाईंची तऱ्हा निराळी. त्यांच्या कचेरीचं दार कायम सताड उघडं. पालक, नळ दुरुस्त करणारा, सह्या घ्यायला आलेला कारकून, एकमेकांची गाऱ्हाणी घेऊन आलेले शिक्षक, सगळ्यांची वाट त्याच दारातून जायची. बाई तोंडाच्या फटकळ, पण न्यायाच्या पक्क्या. गणितात हुशार, म्हणून दहावीचं गणित त्यांनी स्वतःकडे ठेवलेलं. यजमान नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, मुलगा परदेशात. दुपारचा डबा त्या शाळा सुटल्यावर उघडत, तोही उभ्याने, एका हातात फोन धरून.

अशात शिक्षण कार्यालयाकडून फर्मान आलं. शाळाप्रमुखांचं मनःस्वास्थ्य नीट राहावं म्हणून त्यांना ऑनलाइन कोचिंग मिळणार. दर गुरुवारी दुपारी एक तास. उपस्थिती सक्तीची.

"या वयात मला शिकवणी लावताहेत," बाई म्हणाल्या. कारकून फिस्सकन हसला आणि बाईंनी बघताच गंभीर झाला.

कार्यालयाचं डोकं कसं चालतं ते बघा. माणूस कामाने वाकलाय हे त्यांना कळलं, इथवर ठीक. पण त्यावर उपाय काय, तर आणखी एक काम. मन प्रसन्न ठेवा आणि ठेवलंत की हजेरी लावा.

पहिल्याच गुरुवारी पाण्याचा पंप जळाला. मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन व्हरांड्यात उभी, पंपवाला फोन उचलेना. बाई पदर खोचून टाकीकडे निघाल्या, तेवढ्यात कचेरीतल्या लॅपटॉपवर ते बोलावणं वाजू लागलं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. समोर सर होते.

"सर, जरा बसता का माझ्या जागी?"

"बसतो की," सर म्हणाले.

दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत जन्म काढलेल्या माणसांना वाटणारच नाही. एकाचा तास असतो, तो अडकला तर दुसरा जातो. सर बाईंच्या खुर्चीत टेकले, खिशातून पेन काढलं, समोर कागद ओढला आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक तरुण बाई आली. त्यांच्या मुलीच्या वयाची असेल. मागे साधी भिंत, पुढ्यात पाण्याचा पेला.

"नमस्कार. आपण मुख्याध्यापक..."

"नाही नाही. बाई कामात आहेत. मी बदली तासावर आलोय."

"त्यांच्या स्वास्थ्यासाठी तुम्ही आलात?"

"हो. काय सांगायचं ते सांगा ताई, मी उतरवून घेतो. त्यांच्यापर्यंत शब्दन् शब्द पोचेल."

ताईला हसू आलं, पण तिने ते आवरलं. मग तिने नीट समजावून सांगितलं. इथे ती काही शिकवत नाही. शाळा चालवणाऱ्या माणसाने बोलायचं आणि तिने ऐकायचं, मधूनमधून एखादा प्रश्न विचारायचा. हे दुसऱ्याने करून चालत नाही. बाईंची उपस्थिती काही तिला लावता येणार नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. उठायला लागले.

"पण तुम्ही आलाच आहात," ताई म्हणाली. "तुम्ही कसे आहात?"

"ठीक."

यावर ताई काहीच बोलली नाही. रागावली नव्हती, नुसती बसून राहिली होती. आता बदलीसरांना मोकळी जागा सोसत नाही. वर्ग असो की संभाषण, रिकामं दिसलं की त्यांनी ते भरायलाच हवं. म्हणून त्यांनी एक गंमत सांगायला घेतली. एकदा इतके शिक्षक गैरहजर होते की त्यांनी दोन वर्ग एकदम घेतले. दोन्ही दारांच्या मध्ये व्हरांड्यात उभं राहून एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. पोरं म्हणाली, सर, तुम्ही खांबासारखे दिसता. ही गोष्ट सांगितली की लोक हमखास हसत.

ताई हसली नाही. "आणि तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या जागी कोण?"

सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. मुलीच्या बाळंतपणाच्या दिवशी ते परीक्षेवर होते. बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला शेजारणीला पाठवलं होतं. म्हणजे घरी त्यांनी बदली दिली होती, शाळेत कधी नाही.

"नेटवर्क जातंय बहुतेक," ते म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. नेटवर्कला काहीही झालेलं नव्हतं. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"काय म्हणत होत्या?" बाईंनी संध्याकाळी हात धुता धुता विचारलं.

"विशेष काही नाही. बऱ्या आहेत."

पुढच्या गुरुवारी सर वेळेच्या आधीच कचेरीच्या दारात घुटमळत होते. एक पालक बाईंशी तावातावाने बोलत होते. बाईंनी नुसती मान हलवली आणि सर आत जाऊन बसले. त्यानंतर तो रिवाजच पडला. ते बसले की दार लोटून घेत. त्या दाराला मिटता येतं हे शाळेला तेव्हा कळलं.

सर बोलू लागले. भूमितीबद्दल बोलले. मुख्याध्यापकाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आला, त्याबद्दल बोलले. बाई चांगल्याच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, हेही सांगितलं, आणि ते खरं होतं. ताई दरवेळी न चुकता म्हणे, "सर, हा तास बाईंचा आहे. मला त्या हव्यात. त्यांना निरोप द्याल ना?" सर म्हणत, देतो. ती बाईंनाही स्वतः लिहीत असे. बाईंचं उत्तर ठरलेलं: पुढच्या वेळी नक्की.

घरी बायकोच्या लक्षात आलं. ती बँकेतून निवृत्त झालेली. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. "गुरुवारी तुम्ही जेवताना बोलता," ती म्हणाली. "बाकीचे दिवस नुसतं मीठ मागता."

"शाळेत बरं चाललंय हल्ली."

"शाळेत की तुमचं?"

सर भात कालवत राहिले.

मग विज्ञानाच्या बाई लांब रजेवर गेल्या आणि वेळापत्रक नव्याने लावायची वेळ आली. ते काम सरांचंच. त्यांनी दोन दिवस मान मोडून ते बसवलं आणि त्यात दहावीच्या गणिताचा एक तास बुधवारवरून उचलून गुरुवारी दुपारी ठेवला. नेमका त्या वेळेला. आता बाई वर्गावर असणार, म्हणजे खुर्ची मोकळी, म्हणजे बदली लागणार. कोणी विचारलं असतं तर सरांकडे तीन कारणं तयार होती आणि तिन्ही पटण्यासारखी होती. पण चोरी ती चोरीच. आयुष्यभर दुसऱ्यांचे तास भरणाऱ्या माणसाने एक तास पळवला, तोही अशा बाईचा जिच्याजवळ स्वतःचा म्हणावा असा तेवढाच उरला होता. बाईंनी वेळापत्रक वाचलं, क्षणभर थांबल्या आणि सही करून टाकली.

बाईंचं काहीतरी बिघडत चाललंय, हे सरांना दिसत नव्हतं असं नाही. त्या एकच सूचना एका सकाळी दोनदा वाचायच्या. समोरच्या शिक्षकाचं नाव आठवायला अडखळायच्या. शिपायावर एवढ्या कडाडल्या की तो बिचारा घंटा द्यायची विसरला. डबा तसाच घरी जाऊ लागला. सर हे सगळं बघत आणि मनाशी म्हणत, परीक्षा जवळ आल्यात, होतं असं. माणसाला जे नको असतं ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि सर काही जगावेगळे नव्हते.

त्या गुरुवारी ते ताईला वर्तुळाबद्दल सांगत होते. मनगट कसं सैल ठेवायचं, खांद्यातून हात कसा फिरवायचा, आणि वर्तुळ जुळलं की अख्खा वर्ग कसा हुश्श करायचा. सांगताना ते खुर्चीतून उठून हवेत हात फिरवत होते, हसत होते. तेवढ्यात दार वाजलं. दहावीतली एक मुलगी उभी होती.

"सर, वर्गावर येता का? बाई रडताहेत."

सरांचा हात तसाच वर राहिला.

ते गेले तेव्हा वर्ग चिडीचूप होता. एकही पोर हसत नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. फळ्यावर सिद्धतेच्या दोन ओळी लिहिलेल्या आणि तिसरी अर्ध्यावर सोडलेली. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात, हातात खडू. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"सर, मला पुढचं आठवत नाहीये," त्या म्हणाल्या. "केव्हापासून उभी होते. येतच नाहीये."

"चला बाई," सर म्हणाले. त्यांनी बाईंच्या हातातला खडू काढून घेतला आणि कोपराला धरून त्यांना बाहेर आणलं. मागे वर्ग रिकामा राहिला. शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात बसवून पाणी दिलं. बाईंनी एक घोट घेतला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझ्याच्याने आता होत नाही. मी ही नोकरी सोडते. पुढच्या आठवड्यात लिहून देते." त्यात त्रागा नव्हता. मग रिक्षा बोलावून बाई घरी गेल्या.

सर चष्मा घ्यायला कचेरीत परतले. लॅपटॉप उघडाच होता आणि पडद्यावर ताई तशीच बसून होती.

"कशा आहेत त्या?"

"घरी पाठवलं. राजीनामा देणार म्हणतात." सर खुर्चीत बसले नाहीत, टेबलाला धरून उभे राहिले. "ताई, या वेळेला त्यांना त्या वर्गावर मीच घातलंय. मुद्दाम. मला इथे बसता यावं म्हणून."

ताईने त्यांना दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. ती म्हणाली, "माझंही चुकलं. तुम्हाला बरं वाटतंय हे दिसत होतं, म्हणून मी चालू दिलं." मग तिने विचारलं, "हे त्यांना सांगायचंय का तुम्हाला?"

"सांगायलाच हवं."

"मग पुढच्या गुरुवारी मी त्यांची वाट बघते. तुमच्यासाठी वेगळा तास मागून बघीन, पण कार्यालय फक्त प्रमुखांनाच देतं. मिळेल असं वाटत नाही."

"माझं राहू द्या," सर म्हणाले. सवयीनेच म्हणाले.

बाईंनी रजा टाकली. अशी रजा त्यांनी याआधी कधी टाकली नव्हती. रविवारी सकाळी सर त्यांच्या घरी गेले. बाई एकट्याच होत्या. जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फायली, लोकांनी दिलेल्या लग्नपत्रिका, आणि या सगळ्यात एका ताटापुरती जागा मोकळी. बाईंनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, तेव्हा सरांना बसता आलं. चहा नको, असं दोघंही म्हणाले.

"बाई, गुरुवारचा तो तास मी मुद्दाम हलवला होता," सरांनी घाई केली. लांबवलं असतं तर जमलं नसतं. "तुम्ही वर्गावर असलात की मला तिथे बसायला मिळायचं. तुमच्या वाट्याचं मी घेतलं. वर्गावर तुमचं जे झालं..."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

सरांनी मान वर केली.

"वेळापत्रक हातात आलं तेव्हाच कळलं. माझाच तास तो, मला नाही कळणार?" बाईंनी हातावर हात घासला. "वाचलं आणि सुटले असं वाटलं मला. तो पंप जळाला ना, तेव्हाही सुटकाच वाटली होती. पंपाकडे शिपाई जाऊ शकला असता. मला त्या पडद्यासमोर बसायचंच नव्हतं, सर."

"का?"

"कोणी कशा आहात म्हणून विचारलं असतं तर काय सांगायचं? दिवसभर जो तो येतो आणि आपलं ओझं माझ्या टेबलावर ठेवून जातो. मी एकदा बोलायला लागले असते तर थांबले नसते. म्हटलं, हे दार उघडायलाच नको." त्या थोडं हसल्या. "शेवटी वर्गासमोर रडले. पोरांसमोर. त्यापेक्षा त्या पडद्यावरच्या मुलीसमोर रडले असते तर बरं झालं असतं."

सरांनी जमिनीवरचा गठ्ठा उगाच नीट लावला.

"आणि खरं सांगू? गुरुवारी तुम्ही हसत बाहेर यायचात. माझ्या खुर्चीतून उठून कोणीतरी हसत बाहेर येतंय, हे बघायला बरं वाटायचं. म्हणूनही मी गप्प बसले."

हे ऐकून मात्र सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी नेटवर्कचं नाव सांगायची सोय नव्हती.

"एकदा बसून बघा," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून. नाही जमलं तर राजीनामा आहेच, तो कुठे पळून जातोय?"

बाईंनी टेबलावरचा एक गठ्ठा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "एकदाच," त्या म्हणाल्या. "एकदा बसते. मग ठरवते."

गुरुवारी बाई आल्या. वेळ झाली तशी कचेरीत गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. सर दहावीच्या वर्गावर गेले. बाईंनी अर्ध्यावर सोडलेली सिद्धता त्यांनी पहिल्यापासून घेतली. दोनतीन ओळींतच पोरं पुढे सरकून बसली. शिकवता शिकवता त्यांचं लक्ष खिडकीतून पलीकडे जाई. दार बंद.

मध्येच एक पालक वर्गाच्या दारात आले. कारकुनाने सरांकडे पाठवलं होतं. "बाई कामात आहेत का?"

सर हो म्हणणारच होते. इतकी वर्षं हेच म्हणत आले होते. "कामात नाहीत," ते म्हणाले. "पण आत्ता भेटणार नाहीत. तासाभराने या."

पालक गोंधळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी पुढची पायरी लिहिली.

घंटा झाली तरी दार उघडलं नाही. पोरं निघून गेली. सर फळा पुसून व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मग केव्हातरी बाई बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, नाक लाल. चालत येऊन सरांच्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पहिला अर्धा तास मी शाळेचंच सांगत होते," त्या म्हणाल्या. "मग ती म्हणाली, शाळा राहू द्या. त्यावर मला बोलताच येईना. शाळा काढून घेतली तर माझं म्हणून सांगण्यासारखं काही उरत नाही, हे मला आज कळलं."

"मग?"

"मग रडले. सोडायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या गुरुवारी बसणार आहे." बाई थांबल्या आणि त्यांनी वळून सरांकडे पाहिलं. "तुमचा तास गेला, सर. तुम्ही कसे आहात?"

ठीक, हा शब्द सरांच्या जिभेवर आलाच होता. त्यांनी तो गिळला.

"मला दहावीचं गणित हवंय, बाई. बदली म्हणून नाही. माझा वर्ग म्हणून."

तो वर्ग बाईंचा स्वतःचा होता, जीव होता त्यांचा त्यावर. "घ्या," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून घ्या. आणि सकाळचे बदली तास आपण दोघं मिळून लावू. कोणाचं तोंड वाकडं झालं तर मी आहे."

सरांनी मान हलवली. आभार मानायचं त्यांना सुचलं नाही.

"एवढी वर्षं का नाही मागितलंत?" बाईंनी विचारलं.

"कोणी विचारलं नाही," सर म्हणाले.

त्यांनी ते गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं होतं. पुढचा तास सुरू झाला होता आणि पाचवीचा वर्ग सरांची वाट बघत होता, पण दोघंही कठड्यापाशी आणखी थोडा वेळ उभे राहिले.